अठरा फुटांची डोलकाठी

बाबांनी डोलकाठीचं बूड होडीतल्या खाचेला टेकवलं, उजवा खांदा काठीखाली घातला आणि श्वास रोखून उचलायला सुरुवात केली. डावा हात मदतीला आला नाही. चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून तो कोपरात दुमडून छातीशी राहिला होता. काठी कमरेपर्यंत वर आली, तिथं थरथरली आणि बाजूला कलंडून वाळूत आपटली. तिच्याबरोबर बाबाही गुडघ्यांवर आले.

मी अंगणातून धावत निघाले.

"थयच रव गो," बाबा वर न बघता म्हणाले.

त्यांनी पुन्हा काठी खांद्यावर घेतली. पुन्हा ती कमरेपर्यंत येऊन पडली. तिसऱ्या वेळी पडली तेव्हा होडीच्या काठाची एक ढलपी उडाली. बाबा तिथंच होडीला टेकून बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले.

माझा मोठा भाऊ हरेश्वर जवळच माडाखाली जाळं शिवत होता. सगळं बघत होता, पण हातातली सुई त्यानं खाली ठेवली नव्हती.

"झाला समाधान?" तो म्हणाला. "माझ्या ट्रॉलरार चार खलाशी आसत. सांगा, येऊन उभी करतले."

"दुसऱ्यान उभी केलेल्या काठीखाली बसान मी खय जाव?"

"मगे घराकडे रवा. एका हातान शीड धरतलात काय सुकाणू? बुडालात तर सोधूक मीच जातलंय."

माझे बाबा जिवाजी खोबरेकर म्हणजे आमच्या मोरवे बंदरातला शिडाची होडी हाकणारा शेवटचा माणूस. बाकी सगळ्यांनी केव्हाच इंजिनं बसवली होती. बाबांना इंजिनाचा राग नव्हता. हरीदादाला ट्रॉलर घेताना त्यांनीच मच्छीमार सोसायटीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पण स्वतः ते आठवड्यातून चार दिवस तरी एकटेच शीड चढवून खाडीच्या मुखाबाहेर जायचे आणि दुपारी जेवायला परत यायचे. मासे आणले तर आणले. झटका आल्यापासून होडी वाळूत पडून होती आणि बाबा ओट्यावर. आई म्हणायची, माणूस बोलणं विसरत चाललंय.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करत होते. साच्यात कापडाचे थर अंथरायचे, त्यात रेझिन भरायचं, ते तापवून कडक करायचं, हे माझं रोजचं काम. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. त्या दुपारी मी मासे तोलायचा मोठा काटा काढला आणि बाबांची जुनी काठी तोलली. एकोणीस किलो भरली.

"बाबा," मी म्हटलं, "मी तुमका पाच किलोची काठी करून दितंय."

"कसली? केळीच्या गाभ्याची?"

"कार्बनच्या कापडाची. सागापेक्षा मजबूत."

"कापडाची काठी," बाबा म्हणाले. मग जुन्या काठीवरून हात फिरवत, "करशीत खरी?" असं विचारलं. त्या आवाजानं माझा निश्चय झाला.

डिसेंबरात मी महिन्याची रजा काढली. कारखान्यात कार्बनचा एक तागा मुदत संपली म्हणून बाजूला काढला होता. पात्यासाठी तो चालणार नव्हता, होडीच्या काठीला पुरेसा होता. सुपरवायझरनं लेखी परवानगी देऊन तो मला नेऊ दिला. रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर मी विकत घेतलं. वीस फुटी ॲल्युमिनियमचा पाइप कुडाळहून टेंपोच्या टपावर बांधून आणला.

काम परसातल्या शेडमध्ये चालू झालं. पहिले चार दिवस बाबा फक्त दारात उभे राहून बघायचे. पाचव्या दिवशी आत आले आणि म्हणाले, "काठी वाकतली खय?"

मी म्हटलं, "वाकणारच नाही."

"मगे ती काठी न्हय, खांब." त्यांनी जुनी काठी आणायला लावली, दोन्ही टोकांखाली पाट ठेवले आणि मधोमध पाय देऊन ती दाबून दाखवली. "वाऱ्याचो झपको इलो की हिणा कमरेत लवाक व्हया. मानेत थोडा जास्ती. बुडात अजिबात नाय. सगळीकडे सारखी ताठ काठी होडयेक उलथी करता."

मी खडूनं खुणा करून घेतल्या. मी हिशेब कागदावर केला होता. तो तीस वर्षं बाबांच्या तळहातात होता. बुडाला अकरा थर, कमरेत आठ, वर पाच असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. त्यानंतर बाबा शेडमधून हलले नाहीत. बोलायला लागले. कुठल्या वर्षी कुठल्या वाऱ्यात कोणाची काठी मोडली, ते सगळं मला त्या तीन आठवड्यांत कळलं. आई चहा घेऊन यायची आणि कपबशा हातात तशाच धरून ऐकत उभी राहायची.

"वजन एवढा कमी आसा तर लांबी वाढव," एक दिवस बाबा म्हणाले. "जुनी चौदा फुटी. मीया कायम म्हणत होतंय, वरचो वारो शिडाक गावाक व्हयो. पण लाकूड तेच्या वर पेलवत नसा."

"किती करू?"

"अठरा."

मी अठरा केली. त्यांनी काही मागितलं याचाच मला एवढा आनंद झाला होता.

पाइपाला मेण चोळून त्यावर मी थर गुंडाळले. काही पट्ट्या उभ्या, काही तिरक्या. प्रत्येक थराला ब्रशनं रेझिन पाजायचं, बुडबुडे रोलरनं दाबून काढायचे. आई हातात मोजे घालून कापडाचं दुसरं टोक ताणून धरायची. शेवटी वरून गरम झाल्यावर आवळणारी टेप घट्ट गुंडाळली. पत्र्याची लांब पेटी करून तिच्यात दोनशे वॉटचे दहा बल्ब लावले आणि काठी आत ठेवली. रेझिन एका बाजूला ओघळू नये म्हणून ती सारखी फिरवत राहावी लागते. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघांनी आळीपाळीनं ती फिरवली. बाबा एका हातानं फिरवायचे आणि आपली पाळी संपली तरी उठायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाइप आतून निघेना. मी ओढून बघितलं, ठोकून बघितलं. शेवटी जवळच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, फोडली आणि बर्फाचं पाणी पाइपातून ओतत राहिले. धातू आकसला, कार्बन आकसला नाही. 'टक' असा आवाज झाला आणि पाइप सरकत बाहेर आला.

मग घासकाम. त्यासाठी मी हरीदादाचं ग्राइंडर मागून आणलं होतं. दोन दिवस घासल्यावर ते एकदम चटचटलं, ठिणगी उडाली आणि बंद पडलं. उघडलं तर आत काळी पूड गच्च भरलेली. कार्बनची पूड. मला त्याचं नवल वाटलं नाही. कारखान्यातही कार्बन घासायची यंत्रं वेगळी, बंदिस्त असायची. ही पूड आत गेली की तिच्यातून वीज वाहते आणि यंत्र जळतं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. माझ्या हलगर्जीपणानं दादाचं यंत्र गेलं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

"काय झाला?" दादानं विचारलं.

"जुनं होतं," मी म्हटलं.

त्यानं ग्राइंडर हातात घेऊन फिरवून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "जाव दे. काठी झाली काय?"

काठी झाली होती. काळीभोर, गुळगुळीत, साडेचार किलोची. बाबांनी ती मधोमध पकडून एका हातानं उचलली आणि तसेच अंगणात गेले. विहिरीला वळसा घातला, तुळशीला घातला, परत आले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही.

"काळी नको ठेवू," आई म्हणाली. "काठी पांढरी व्हयी." तसाही उन्हानं रेझिन खराब होतं म्हणून रंग द्यायचाच होता. मी पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले.

त्या संध्याकाळी हरीदादा पहिल्यांदाच शेडमध्ये आला. त्याच्या खांद्यावर तारेचं वेटोळं होतं. स्टेनलेस स्टीलची नवीकोरी तार, त्यानं ट्रॉलरसाठी आणलेली.

"दोरीचो ताण सैल पडता," तो बाबांना म्हणाला. "एका हातान परत परत आवळूक तुमका जमाचा नाय. ही तार एकदा लावली की झाला."

ट्रॉलर घेतल्यापासून दादानं बाबांच्या होडीसाठी कधी एक खिळा दिला नव्हता. "लाव," ते म्हणाले. दादानं काठीच्या शेंड्यापासून खाली येणारे, तिला उभी धरणारे तिन्ही ताण स्वतःच्या हातांनी बसवले आणि एकेक जोड तीनतीनदा ओढून बघितली. त्या दिवशी आम्ही चौघं एका पंगतीला जेवलो. मला आठवतं, दादा बाबांच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून देत होता आणि बाबा काढू देत होते.

जानेवारीच्या सात तारखेला सकाळी आठ वाजता होडी पाण्यात न्यायची ठरली. आमच्या घरासमोर वाळू भुसभुशीत, म्हणून दादानं होडी चाकाच्या गाड्यावर चढवून बर्फाच्या कारखान्याजवळच्या सिमेंटच्या उतारावर नेऊन लावली. तिथून एका माणसालाही ती पाण्यात ढकलता आली असती. त्या उतारावरून कारखान्याकडे जाणारी विजेची लाइन होती, कारखान्याची स्वतःची. तीन पावसाळ्यांपूर्वी वादळात तिचा एक खांब कलला होता आणि तारा खाली आल्या होत्या. सगळ्या बंदराला ते माहीत होतं. बाबा त्या उतारावरून चौदा फुटी काठी उभी करून कितीदा तरी गेले होते.

सूर्य वर आला होता, वारा नुकता सुटत होता. दादा पाण्याच्या बाजूला गाड्याला दोरी बांधत होता. आई वर रस्त्यावर नारळ घेऊन उभी होती. मी काठीचा शेंडा धरून बाबांच्या मागून होडीपर्यंत आले. बाबा होडीत चढले.

"सोड," ते म्हणाले. "लांब हो. मी एकटो उभी करतंय."

मी दहा पावलं मागे गेले.

त्यांनी बूड खाचेत बसवलं, उजवा हात काठीभोवती घातला आणि ती छातीशी धरून एका दमात उभी केली. कुठं थरथरली नाही, थांबली नाही. शेंडा आभाळात सरळ वर गेला. बाबांनी मान वळवून आईकडे बघितलं.

मोठा आवाज झाला. निळा उजेड दिसला. बाबा काठीला मिठी मारलेले तसेच काही क्षण उभे होते, मग होडीत बसल्यासारखे खाली गेले. काठी विजेच्या तारेवर टेकून धुमसत राहिली. वर विजेच्या खांबावरून ठिणग्या पडल्या आणि कारखान्याची घरघर बंद झाली.

दादानं गाड्याची फळी उपटून काठी बाजूला पाडली आणि बाबांना वाळूवर आणलं. त्यांच्या छातीवर आणि उजव्या तळहातावर भाजल्याच्या खुणा होत्या. तो त्यांच्या छातीवर दाब देत राहिला, दोन माणसांनी ओढून बाजूला करेपर्यंत.

रुग्णालयातून बाबांचा देह दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिळणार होता. त्या सकाळी पोलिसांबरोबर विजेचे एक निरीक्षक आले. मध्यमवयाचे, शांत गृहस्थ. त्यांनी तारेची उंची मोजली, कललेला खांब बघितला, कारखान्याच्या मॅनेजरला दोन प्रश्न विचारले. मॅनेजर खाली मान घालून उभा होता. मग ते काठीजवळ आले. शेंड्याजवळ आणि बाबांनी धरली होती तिथं रंग जळून आतलं काळं दिसत होतं. जळलेली जागा काळीच असणार; त्याचं कोणाला काही वाटलं नाही. निरीक्षकांनी बोटाच्या सांध्यानं काठी वाजवून बघितली.

"ही कसली?" त्यांनी विचारलं. "कोणी बनवली?"

"मी," मी म्हटलं.

"कशाची आहे?"

"फायबरची."

आमच्या किनाऱ्यावर फायबर म्हणजे काचेचं फायबर. होड्या त्याच्याच, टाक्या त्याच्याच. त्यातून वीज जात नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत. त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. मी खोटं बोलले नव्हते. शब्द एकच गाळला होता, आणि तो गाळताना मला नीट ठाऊक होतं की मी काय करते आहे.

"म्हणजे काठीतून करंट यायचा प्रश्न नाही," ते हवालदाराला सांगत होते. "ही तार बघा. शेंड्यापासून खालपर्यंत आलीय. हात हिला लागलेला असणार." मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "स्टीलची तार कोणी लावली होती?"

हरीदादा माझ्या शेजारी उभा होता.

"मी," तो म्हणाला.

"दोरी का नाही लावली?"

दादा तारेकडे बघत राहिला. "बरं, तुम्हाला काय माहीत असणार," ते सौम्यपणे म्हणाले, आणि वही मिटली.

बोलायची वेळ तीच होती. मी बोलले नाही. आईचा मार माझ्या अंगावर आला असता तरी चाललं असतं; मला भीती होती ती तिच्या नजरेची. तीन आठवडे तिनं माझ्याबरोबर ते कापड ताणून धरलं होतं. मी मनाशी म्हटलं, आज नको. सगळं आटोपू दे, मग दादाला एकट्याला सांगेन.

संध्याकाळी स्मशानात अग्नी द्यायची वेळ आली, तेव्हा दादा मागे सरकला. लोकांनी त्याला पुढं आणलं. तो पुन्हा मागे गेला.

"माझ्या तारेन बापूस मारलो," तो म्हणाला. "ह्या हातान मी इस्तव लावचंय नाय."

भटजी समजावत होते, म्हातारी माणसं रागावत होती. शेवटी चुलतभावाच्या हातात पेटती काडी दिली. मी बायकांमध्ये दूर उभी होते. तिथून ओरडले असते तरी ऐकू गेलं असतं.

बर्फाच्या कारखान्यानं आठवड्याभरात खांब सरळ केला. मी कामावर परत गेले.

दादानं त्या वर्षी ठरलेलं आपलं लग्न मोडलं. पुढच्या हंगामात ट्रॉलर विकला आणि देवगडच्या आतल्या बाजूला एका आंब्याच्या बागेत राखणीला जाऊन राहिला. तिथून समुद्र दिसत नाही. बाबांच्या श्राद्धाला तो कधी आला नाही. दर वर्षी आई निरोप पाठवायची आणि दर वर्षी चुलतभाऊ पिंड घालायचा. मी सुट्टीत घरी जायचे तेव्हा एकदा तरी त्याला भेटायला जायचे. भात-आमटी करून वाढायचा, माझ्या कारखान्याची चौकशी करायचा. तो इतका नीट वागायचा की दर वेळी मी तशीच परत यायचे. सांगायचं राहून राहून ते सांगता न येण्याजोगं होऊन बसलं. एक वर्ष गेल्यावर, एक वर्ष का थांबलीस हेही सांगावं लागतं. चार गेल्यावर चारांचं.

नवव्या वर्षी आईची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ती शुद्धीवर होती.

"हरीक सांग," ती मला म्हणाली, "माका तेच्याच हातचो इस्तव व्हयो. दुसऱ्याचो नको." मग थोडं थांबून म्हणाली, "तो येवचो नाय, म्हायत आसा माका. तू सांग तरी."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बागेत गेले. दादा कलमांना पाणी घालत होता. बेचाळिसाव्या वर्षीच त्याचे सगळे केस पांढरे झाले होते. आईचा आजार आणि तिचं मागणं सांगितलं तसा तो पाइप हातात धरून उभा राहिला. पाणी एकाच आळ्यात पडत राहिलं.

"भेटाक येतंय," तो म्हणाला. "पण तेवढा सांगू नको. ह्या हातानी जमाचा नाय."

"दादा, तुझ्या हातांनी काही झालेलं नाही."

"वैजू, परत ता नको."

"ती काठी काचेच्या फायबरची नव्हती. कार्बनची होती. कार्बनमधून वीज जाते, तारेतून जाते तशी. बाबांनी काठीला मिठी मारली होती, तारेला नाही. छातीवर भाजलेलं तू बघितलंस. तुझी तार नसती तरी बाबा गेले असते. माझी काठी नसती तर गेले नसते."

त्यानं जाऊन आधी नळ बंद केला. मग बांधावर बसला.

"हे तुका कधी समाजला?"

"आधीपासून माहीत होतं. तुझं ग्राइंडर त्यानंच जळलं. वरच्या तारेशी त्याचा संबंध येईल असं डोक्यात आलं नाही. आवाज झाला त्या क्षणी आलं."

"त्या साहेबान इचारल्यान तेवा?"

"माहीत होतं."

"मसणात?"

"माहीत होतं."

त्यानं स्वतःचे दोन्ही तळहात उघडून बघितले. बागेतली कुत्री येऊन त्याच्या पायाशी बसली. त्यानं तिला हाकललं नाही, हातही लावला नाही.

"आयेक सांगलंस?"

"नाही."

"सांगू नको. तिका सुखान जाव दे." तो उठला, झोपडीत गेला आणि शर्ट बदलून पिशवी घेऊन बाहेर आला. कुलूप लावलं. गाडीत तो पुढच्या बाकावर बसला. मी मागे.

आई अकरा दिवस होती. ते सगळे दिवस दादा तिच्या उशाशी होता. तिला चमच्यानं पेज भरवायचा, तिचे पाय चेपायचा. मी खोलीत आले की तो कामाचं बोलायचा, औषध कधीचं, डॉक्टर कधी येणार. आई एकदा म्हणाली, "दोघां एकत्र बसा बघया." आम्ही तिच्या दोन बाजूंना बसलो आणि ती झोपेपर्यंत बसून राहिलो.

तिला दादानं अग्नी दिला. दहाव्या दिवशी खाडीच्या काठावर त्यानं आईचा पिंड घातला. मग भटजींना हळूच काही विचारलं. भटजी म्हणाले, वेगळा संकल्प सोडावा लागेल, पण करता येईल. दादा पुन्हा पाटावर बसला आणि बाबांच्या नावानं पिंड मांडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. चुलतभावानं डोळे पुसले. जमलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं, आईच्या मरणानं पोराचं मन उघडलं.

पाणी सोडायला तांब्या हवा होता. मी जवळ होते. मी तो भरून पुढं केला.

दादानं हात पुढं केला नाही. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, रागानं नाही, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग खाली वाकून ओंजळीनं खाडीचंच पाणी घेतलं आणि पिंडावर सोडलं.

तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा तो घरात नव्हता. पत्रं लिहिली, त्यांना उत्तर आलं नाही. तो बागेत परत गेला नाही, मोरव्याच्या घरीच राहिला. तिथं फोन केला की चुलतभाऊ उचलतो आणि दादा बाहेर गेलाय म्हणतो. ते खरंही असेल. पुढच्या वर्षी त्यानं जुनी लहान होडी घेतली, असं कळलं. पहाटे एकटा निघतो आणि दुपारी जेवायला परत येतो.

याला आता बारा वर्षं झाली.